रगेड गाडीची तडकलेली चेसी

इंग्रजीशी माझं वैर नाही. दहावीला मी तिच्यात काठावर पास झालो. त्यानंतर तिने मला छळलं नाही आणि मीही तिच्या वाटेला गेलो नाही. गॅरेजात लागते तेवढी येते. बुश, शॅकल, यू-बोल्ट, चेसी हे शब्द आता आमच्या खान्देशात भाकरी-भाजीइतके घरचे झालेत. पण एका इंग्रजी शब्दाने अलीकडे माझं डोकं फिरवलं आहे. दिवाळी अंकासाठी ‘नाना, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा’ असं संपादक म्हणाले, तेव्हा त्यांना गमतीजमती हव्या असणार. गमती सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो, मला राग आलेला आहे आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

तो शब्द म्हणजे रगेड.

माझा धंदा कमानपाट्यांचा. चोपडा-अमळनेर रस्त्यावर माझं दुकान आहे. आता पुतण्या बघतो, मी खुर्ची टाकून बसतो आणि न विचारता सल्ले देतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रक, पिकअप, जीप यांच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एक चळत असते, धनुष्यासारखी वाकलेली. सर्वांत वर सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याखाली एकाहून एक आखूड. खड्डा आला की ही चळत दबते आणि परत उसळते. गाडीचा सगळा भार, माणसं, केळीचे घड, कापसाचे गठ्ठे, सगळं या पाट्यांवर तोललेलं असतं. पाटा बसला, म्हणजे त्याची कमान गेली, की तो काढायचा, ऐरणीवर ठेवायचा आणि घणाचे ठोके देऊन पुन्हा वाकवायचा. ठोका कमी पडला तर गाडी एका अंगाला झुकते, जास्त पडला तर पाट्याला बारीक चीर जाते आणि तो पुढे कुठेतरी दगा देतो. हे काम कानाने करायचं असतं. चांगला पाटा टणक वाजतो, चीर गेलेला बद्द वाजतो.

पाटा कुठे तुटला यावरून रस्ता कळतो. मधोमध तुटला तर पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले होते, म्हणजे ड्रायव्हर आळशी. टोकाच्या डोळ्याजवळ, म्हणजे पिन घालायच्या भोकाजवळ तुटला तर रस्ता वाईट. पारोळ्याचा एक ट्रकवाला नेहमी म्हणायचा, ‘नाना, मी कोठे कोठे जाई उनू ते मनी बायकोले नही समजत, तुले समजस.’ एकदा त्याच्या पाट्याला लाल चिकणमाती लागलेली पाहून मी त्याला त्याच्या सासुरवाडीचं नाव सांगितलं होतं. तेव्हापासून तो गाडी धुऊनच आणायचा.

तर रगेड. हा शब्द आधी फक्त टायरांच्या जाहिरातीत दिसायचा. मग गाड्यांच्या मागच्या काचेवर चिकटपट्टीतून येऊ लागला. मग शोरूमच्या पडद्यांवर, मोबाइलच्या डब्यावर, बुटांवर, एवढंच काय पाण्याच्या बाटलीवर. रावेरकडचे एक अप्पा आहेत, केळीचे मोठे बागाईतदार. त्यांनी अशी काचेवर रगेड लिहिलेली नवी कोरी गाडी घेतली आणि आठ दिवसांत माझ्याकडे आणली. तक्रार काय, तर गाडी कडक लागते. घरापासून पॅकिंगच्या शेडपर्यंत गुळगुळीत डांबरी रस्ता, त्यावर कडक लागते! ‘नाना, आमच्या घरातल्यांची कंबर धरली. मऊ करून द्या.’ मी दोन पाटे काढून दिले. गाडी म्हशीसारखी डुलत गेली आणि अप्पा खूश झाले. काचेवरची अक्षरं मात्र त्यांनी तशीच ठेवली.

आणि त्याच आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गाड्या आल्या, पाटे वाढवायला. तिकडे पद्धतच आहे. नवी गाडी घेतली की आधी देवापुढे नारळ, मग मिस्त्रीकडे जोडपाटा. शोरूममधून निघालेली गाडी घरी न नेता सरळ माझ्याकडे आणतात, हार तसाच बोनेटवर, आणि एक जादा पाटा टाकून घेतात. कारण कंपनी गाडी बनवते ती रस्त्यासाठी, आणि तिकडे रस्ता नाही. नाल्यातले गोटे आहेत, मुरमाचा चढ आहे, वन खात्याने कधीतरी केलेली वाट आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी माझ्या दारात अशा गाड्यांची रांग लागायची. अप्पांच्या गाडीतून निघालेला पाटा मापात बसला तर पाड्यावरच्या गाडीत जायचा. बागाईतदाराची नकोशी कडकी गरिबाच्या कामी येते, असं मी गमतीने म्हणायचो.

जामसिंग पावरा हा तिकडच्याच एका पाड्यावरचा. माझं जुनं गिऱ्हाईक. पंचवीस वर्षं तो दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होता. पाड्यावरून चोपड्याच्या बाजारात माणसं आणायची, संध्याकाळी परत न्यायची. कमी बोलणारा, भाडं मागताना लाजणारा. गेल्या वर्षीच्या आखाजीला त्याने स्वतःची नवी गाडी घेतली. घेण्याचं कारण एकच, त्याची पोरगी सुनीता. तिला सिकलसेल आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांत अडकतात, मग सांधे असे दुखतात की पोर ओरडते. मधूनमधून रक्त चढवावं लागतं, त्यासाठी धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून त्या वाटेने आणायचं म्हणजे प्रत्येक गोट्यावर तिला नव्याने मारणं. म्हणून गाडी. गाडी बाजाराची माणसं वाहील आणि पोरीला मागच्या सीटवर झोपवून नेता येईल, एवढाच त्याचा हिशेब होता.

आखाजी गेली तरी जामसिंग जोडपाट्याला आला नाही. मला वाटलं, दुसरीकडे टाकला असेल. बाजाराच्या दिवशी भेटला तेव्हा मी विचारलं.

‘नही टाकना, नाना,’ तो म्हणाला. ‘शोरूमवाला साहेब बोलना, गाडी रगेड शे. बाहेर हात लावा तर वारंटी जाई.’

‘अरे, पण तुझी वाट त्याने बघितली का?’

‘मी सांगं त्याले. बठ्ठं सांगं. नाला, घाट, बठ्ठं. तो बोलना, त्यानाच साठे बनाडेल शे.’

आता यात जामसिंगची चूक काय ते मला सांगा. त्याने गाडी कुठे चालणार ते सांगितलं. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की गाडी असल्या वाटेसाठीच बनवलेली आहे. कंपनीच्या शब्दापुढे त्याने आपल्या मुलखाची रीत मोडली, जोडपाटा टाकला नाही. शहाण्या माणसाने सांगितलेलं ऐकावं, असं आपणच या लोकांना पिढ्यान् पिढ्या शिकवत आलो. त्याने ऐकलं.

पुढे सहा महिन्यांत गाडी माझ्या दारात आली, तीही टो करून. पाटे बसून खाली टेकले होते. ते मी एका दुपारी नीट केले असते. पण टॉर्च घेऊन खाली घुसलो तर जिथे मागचा पाटा चेसीला लटकतो, त्या पकडीपाशी चेसीलाच तडा गेला होता. बोट घालता यावं एवढा. चेसी म्हणजे गाडीचा कणा. पाटा तुटला तर गाडी लंगडते, चेसी तुटली तर गाडी मधूनच मोडते. वेल्डिंग मारून देणारे शंभर भेटतील. मी मारत नाही. वेल्डिंगच्या शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि पुढचा तडा तिथूनच जातो. घाटात चौदा माणसं भरलेल्या गाडीला असलं ठिगळ लावून मला झोप लागली नसती. मी म्हटलं, ‘जामसिंग, हे कंपनीचं काम आहे. चेसी बदलून देणं त्यांच्यावर आहे. वर्षही झालेलं नाही.’

मी त्याच्याबरोबर जळगावला गेलो. शोरूम थंडगार, फरशीत तोंड दिसेल अशी. काउंटरवरच्या तरुण साहेबाने फोटो पाहिले, कुठे कुठे फोन केले आणि सांगितलं, ‘सॉरी, वॉरंटीत बसत नाही. गाडी रगेड भागात चालवलेली आहे.’

त्याच्या डोक्यामागे भिंतीएवढा पडदा होता. त्यावर ह्याच जातीची गाडी दगडांवरून उड्या मारत होती आणि खाली हाच शब्द माणसाएवढ्या अक्षरांत लिहिला होता.

मी म्हटलं, ‘साहेब, मागे वळून बघा.’

त्याने वळून बघितलं. ‘काका, ती जाहिरात आहे,’ तो म्हणाला.

मला आयुष्यात फार वेळा राग आलेला नाही. घणाचं काम करणाऱ्याला राग परवडत नाही, ठोका चुकतो. पण त्या दिवशी माझे कान तापले. विकताना जो शब्द गाडीचा गुण, तोच शब्द भरपाई मागताना जामसिंगच्या वाटेचा गुन्हा! मी आवाज चढवला. आजूबाजूचे लोक बघायला लागले आणि जामसिंगच माझा दंड धरून म्हणाला, ‘नाना, ऱ्हाऊ दे. त्या बी नोकरीच करतस.’

शेवटी त्या मुलालाच दया आली. तो म्हणाला, माझ्या हातात काही नाही, पण पुण्याचे मोठे साहेब रविवारी येणार आहेत, बायपासच्या मैदानावर कंपनीचा कार्यक्रम आहे, तिथे भेटा.

रविवार यायला अवकाश होता. त्या दिवसांत अमळनेरचे एक सर दुकानात आले. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे अजून जुनी ॲम्बॅसेडर आहे आणि तिच्या मागच्या पाट्यांना कमान भरायला ते वर्षातून एकदा येतात. गाडी दुरुस्त होईपर्यंत ते माझ्यासमोर बसतात आणि मी विचारेन त्याची उत्तरं देतात. मी विचारलं, ‘सर, ह्या रगेडचा खरा अर्थ काय? एकदा काय तो सांगून टाका.’

सरांना आनंद झाला. म्हणाले, ‘नाना, हा शब्द मूळचा गाडीचाही नाही आणि डोंगराचाही नाही. तो लोकरीचा आहे.’ उत्तरेकडच्या थंड देशांतल्या जुन्या भाषेत जनावराच्या अंगावरच्या केसांच्या झुबक्याला एक शब्द होता, बहुधा त्यावरून हा आला. आधी अर्थ एवढाच, केसाळ, झिपरं, हाताला खरखरीत लागणारं. आपल्या घोंगडीसारखं. पुढे तो माणसाच्या चेहऱ्याला चिकटला, उन्हापावसाने सुरकुतलेल्या, राठ चेहऱ्याला. मग जमिनीला, खाचखळग्यांच्या. त्यानंतर अमेरिकेत गेला आणि तिथे त्याचं भाग्य फळफळलं. राकट म्हणजेच काटक, काटक म्हणजेच मर्दानी, असं होत होत तो कौतुकाचा शब्द झाला.

‘म्हणजे आधी दोष होता आणि नंतर गुण झाला?’

‘लोकरीला तो दोषही नव्हता,’ सर म्हणाले. ‘थंडीत केसाळ कातडं अंगावर असणं ही सोयच. शब्द बिचारा गरीब आहे. कोण कुठे उभं राहून तो उच्चारतं, त्यावर त्याचं सगळं आहे.’

मला ते पटलं. गादीवर बसून उच्चारला की कौतुक आणि नाल्यात उभं राहून उच्चारला की नामंजूर.

रविवारी आम्ही बायपासवर गेलो. आणि तिथे जे पाहिलं ते मी आजही बायकोला सांगायला लागलो की ती म्हणते, पाणी प्या आधी. मोकळं सपाट मैदान, त्यात जेसीबीने मुद्दाम खड्डे खणलेले. खड्ड्यांत टँकरने पाणी सोडून चिखल केलेला. एक खोटा उतार, एक खोटा चढ. आणि मधोमध डंपरने आणून ओतलेले गोल, काळेभोर गोटे. हौशी गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या घेऊन आली होती. एकेकाने त्या खड्ड्यांतून गाडी काढायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, पोराबाळांनी मोबाइलवर चित्रं काढायची. रावेरचे अप्पाही होते, डोक्यावर कंपनीची टोपी. त्यांची गाडी दुसऱ्याच गोट्यावर अडकली, कारण पाटे मीच काढले होते.

ज्या खाचखळग्यांपायी पाड्यांवरून बाळंतिणीला झोळीत घालून आणतात, त्या खाचखळग्यांचा इथे खर्च करून खेळ मांडला होता.

जामसिंग वाकून एक गोटा न्याहाळत होता. ‘नाना, हाई आमनी नदीना शेतस,’ तो म्हणाला. मी म्हटलं, कशावरून? तो हसला. त्याच्या वाटेवरचे गोटे त्याला कळणार नाहीत तर कोणाला?

मोठे साहेब मांडवात बसले होते. चांगले बोलले, हे कबूल करतो. जामसिंगने सगळं सांगितलं. पोरीचंही सांगितलं. साहेब ऐकत होते, पण त्यांची नजर जामसिंगच्या तोंडावर खिळलेली होती. कपाळावरच्या आठ्या, गालावरच्या घड्या, पांढरी दाढी, उन्हाने रापलेली कातडी. मध्येच ते शेजारच्या फोटोवाल्याला हळूच म्हणाले, ‘काय चेहरा आहे बघ! एकदम रगेड.’

सरांनी सांगितलेला एक अर्थ तेवढा समोर यायचा राहिला होता, तोही आला.

फोटोवाल्याने जामसिंगला नव्या गाडीशेजारी उभं केलं. हात बोनेटवर ठेव, वर बघ, हसू नको, पागोटं जरा मागे घे. ऊन चढलेलं. जामसिंग सांगतील तसं करत होता. मला बाजूला येऊन म्हणाला, ‘साहेबनं काम करी देऊ, मंग तो बी आमनं करी.’ मी त्याला म्हणालो, आधी चेसीचं पक्कं करून घे. पण ज्या माणसाने पंचवीस वर्षं भाडं मागताना मान खाली घातली, तो साहेबाशी काय पक्कं करणार? फोटो झाल्यावर साहेबांनी त्याच्याशी हात मिळवला, फोटोच्या परवानगीचा म्हणून कुठल्याशा मोबाइलच्या काचेवर त्याचा अंगठा घेतला, त्याला एक टोपी दिली आणि म्हणाले, ‘तुमचं बघू.’

बघू! या शब्दाचा अर्थ सांगायला मला अमळनेरच्या सरांची गरज पडली नाही.

मी शोरूमला फोन करून करून थकलो. आधी ‘प्रकरण वर गेलंय’, मग ‘साहेब रजेवर आहेत’, मग फोनच उचलेनात. ग्राहक मंचात जायचं तर वकील म्हणाला, तारखा पडतील. आम्ही अर्ज टाकला आहे, तारखा पडताहेत. गाडी माझ्या आवारात निंबाखाली विटांवर चढवून ठेवली आहे. पुतण्या म्हणतो, काका, जागा अडते. मी म्हटलं, अडू दे.

परवा सुनीताचं दुखणं पुन्हा उठलं. तिच्या दोघा भावांनी तिला मोटरसायकलवर मधे धरून चोपड्यापर्यंत आणलं. ती माझ्या दुकानात आली तेव्हा तिचे ओठ चावून चावून फुटलेले होते. मागोमाग दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसून जामसिंग आला आणि भाऊ माघारी गेले. मी म्हटलं, मी येतो बरोबर. अमळनेरमार्गे धुळ्याची एसटी धरली. ती खिडकीशी, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून. खड्डा आला की डोळे मिटायची. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

धुळं जवळ आलं, गाडी चौकात थांबली. तिने डोळे उघडले आणि एकदम सरळ बसली.

‘बा! दख, तू!’

रस्त्याच्या कडेला दोन मजली उंचीचा फलक होता. त्यावर जामसिंग. हात बोनेटवर, नजर दूर डोंगराकडे. एकेक सुरकुती ओंजळीएवढी दिसत होती. बसमधली माणसं फलकाकडे बघायची आणि मग त्याच्याकडे बघायची. तो ओशाळला, पण खोटं कशाला बोलू, जरासा खूशही झाला. पोरीच्या तोंडावर तर त्या दुखण्यातही हसू आलं.

‘नाना,’ त्याने विचारलं, ‘खाले काय लिखेल शे?’

खाली तोच एक इंग्रजी शब्द होता. मी वाचून दाखवला. त्याने अर्थ विचारला. लोकर, घोंगडी, अमेरिका, हे सगळं सांगायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, ‘राकट. कितीही आदळआपट झाली तरी मोडत नाही असा.’

तो मान हलवत राहिला. बस स्टँडवर लागली. सुनीताला पायऱ्या उतरवेनात. तो खाली उतरला, पाठ केली आणि पोरीला पाठकुळी घेतलं. रिक्षावाल्यांच्या गर्दीतून तो पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. दवाखान्याच्या फाटकाशी आल्यावर तो थांबला, वाकल्या वाकल्याच मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

‘नाना,’ तो म्हणाला, ‘एवढा मोठा फोटो लायेल शे त्यासनी. आते तरी चेसी देतीन ना?’